काकूंच्या कोडमधल्या शिव्या

आमच्या ऑफिसात काकूंइतकं मऊ कुणी बोलत नसे. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर त्या "अरे बाबा, असं काय करतोस" म्हणत, तेही प्रिंटरची समजूत घातल्यासारखं. फोनवर एखादा माणूस तारस्वरात ओरडायला लागला की त्या फोन कानापासून जरा लांब धरायच्या, त्याचा भर ओसरेपर्यंत थांबायच्या आणि मग विचारायच्या, "आता सांगता का, नेमकं काय झालं?" त्यांच्या तोंडून "मेला" किंवा "गाढव" एवढंसुद्धा मी कधी ऐकलं नाही. आणि याच काकू कोडमध्ये असल्या शिव्या लिहीत, की वाचणाऱ्याचे कान तापावेत.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राम, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांचं कोड, लिहिताना मधेमधे माणसांसाठी चार शब्द लिहिता येतात. यंत्र ते वाचत नाही, सोडून देतं. ही ओळ इथे का आहे, हिला हात लावावा की लावू नये, हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून ते असतात. त्याला कॉमेंट म्हणतात. गिऱ्हाइकाला कॉमेंट कधी दिसत नाही, त्यामुळे लिहिणारे तिथे वाटेल ते लिहितात. साहेबावरचा राग, स्वतःच्या नशिबाला बोल, वरच्या मजल्यावरचे लोक फर्निचर सरकवतात म्हणून शिव्याशाप, सगळं. मी चाचणी विभागात होते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पगारी काम. त्यापायी सगळ्यांचं कोड वाचायला लागे आणि न विचारता सगळ्यांची मनं कळत. निम्म्या ऑफिसबद्दल माझं मत वाईट आहे ते तेव्हापासून.

आमची कंपनी दवाखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी प्रोग्राम करायची. यंत्र रक्त तपासतं, आकडा काढतं. तो आकडा यंत्रातून घ्यायचा, योग्य पेशंटच्या नावावर लावायचा आणि डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवायचा, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक यंत्राची खोड वेगळी, आणि जुन्या यंत्रांच्या सगळ्या खोडी काकूंनी हयातभर एकेक करून निस्तरल्या होत्या. कुठलं यंत्र कधी रुसतं, कुठलं एकच आकडा दोनदा पाठवतं, हे त्यांना पाठ होतं.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्या खोलीत एकट्या बाई होत्या. त्यांच्या वरच्या माणसाला सगळे म्हातारबा म्हणायचे. काकूंनी सुरुवातीला आपल्या स्वभावाप्रमाणे लिहिलं, 'कृपया ही ओळ बदलू नये.' कुणीतरी ती बदलली. एका दवाखान्यात दिवसभर कोरे रिपोर्ट छापले गेले आणि बोलणी काकूंनी खाल्ली. तेव्हा म्हातारबांनी त्यांना जवळ बसवून सांगितलं, "पोरी, सभ्य कॉमेंट कुणी वाचत नाही. 'कृपया' दिसलं की माणूस डोळे पुढे नेतो. आईवरून लिही. दोनदा वाचेल, आणि शेजारच्याला बोलावून दाखवेल."

हे मला काकूंनीच सांगितलं, डबा खाताना, लाजत लाजत. "पहिल्यांदा नुसतं 'मूर्खा' लिहिलं ना, तेव्हा इकडेतिकडे बघून घेतलं गं, कुणी मागे उभं नाही ना."

"आणि आता?"

"आता काय, बोटं निर्ढावली. बोटांचं वेगळं असतं. तोंडाला मात्र अजून जमत नाही."

तोंडाला का जमत नाही, तेही मला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईला जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. दरवेळी शिवी. जेवायला वाढताना शिवी, पाणी दिलं तरी शिवी. लहानपणीच काकूंनी ठरवून टाकलं होतं की आपल्या तोंडातून असला शब्द बाहेर पडू द्यायचा नाही. ते त्यांनी पाळलंही. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या गरीब माणसाला, आपली बायको ऑफिसात काय लिहिते याचा पत्ताच नव्हता.

पण म्हातारबांचं म्हणणं काकूंनी आपल्या पद्धतीने पक्कं केलं. त्यांच्या शिव्यांना हिशेब होता. चूक झाली तर नुसता वेळ जाईल अशा जागी 'गाढवा'. गिऱ्हाइकाची बिलं बिघडतील तिथे 'हरामखोरा'. आणि जिथे माणसाच्या जिवाशी गाठ, तिथे त्या वाचणाऱ्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत. जागा जितकी धोक्याची तितकी शिवी घाण. आमच्याकडे कुणी नवीन आलं की त्याला कोड समजावताना आम्ही एवढंच सांगायचो, काकूंची शिवी दिसली की हात थांबव. बाकीचं पुस्तकी ज्ञान नंतर. आणि खरंच, त्या जागांना कधी कुणी हात लावला नाही. लोक हसायचे, एकमेकांना दाखवायचे, आणि गुपचूप बाजूने निघून जायचे.

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यांनी सगळं कोड मागवून वाचलं. त्यांच्याकडून एक बाई आल्या. कपड्यांवर एक सुरकुती नाही, केस चापूनचोपून, वाक्यंसुद्धा घडी घातलेली. आल्याच्या दिवशीच त्यांचं नाव 'इस्त्री' पडलं. बाई वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणते. ऑफिसात बायकांशी कोण कसं बोलतं यावर त्यांनी चांगली कामं केली होती, आणि आमच्यातल्या एकदोघा पुरुषांचे कोडमधले बायकांवरचे विनोद वाचून त्यांना ओकारी आली असेल तर त्यात त्यांची चूक नाही. मलाही यायची. फक्त त्यांना सगळी घाण एकसारखीच दिसली.

त्यांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. दिवे मंद केले आणि भिंतीवर कोडमधल्या कॉमेंट एकामागून एक दाखवल्या. लिहिणाऱ्यांची नावं झाकलेली होती, पण ऑफिसात कुणाला सांगायला हवं? पहिल्या दोनतीन इतरांच्या होत्या, मग काकूंच्या सुरू झाल्या. मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

इस्त्रीबाईंनी सांगितलं, आमच्याकडे यासाठी एक प्रोग्राम आहे. त्यात वाईट शब्दांची यादी आहे. यादीतला एक जरी शब्द सापडला तरी तो ती अख्खी कॉमेंट काढून टाकतो. आज संध्याकाळी तो चालवू, उद्यापासून पाटी स्वच्छ.

काकू उभ्या राहिल्या. मला वाटलं माफी मागतात. पण त्या म्हणाल्या, "त्यातली एक ठेवायला हवी."

"कोणती?" इस्त्रीबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "सांगा ना. वाचून दाखवा, म्हणजे सगळ्यांनाच कळेल त्यात ठेवण्यासारखं काय आहे."

काकूंचे ओठ हलले. मला शेजारून दिसत होतं, त्यांना शब्द न् शब्द पाठ होता आणि तो घशाशी आला होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "होऊन जाऊ दे, काकू." पुन्हा खुसखुस. काकूंचा चेहरा लालबुंद झाला. त्या म्हणाल्या, "नाही, काही नाही," आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं.

"साहेब, त्या जुन्या यंत्राच्या फायलीत एक ओळ आहे, तेवढी..."

"अहो काकू, ओळ जागच्या जागी आहे. फक्त शिवी गेली. आता हा विषय नको ना. मला वर तोंड दाखवायचंय." मग जरा आवाज खाली आणून, "तुम्ही तरी... तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती हो."

झालं. काकूंनी मान खाली घातली ती घातलीच. त्यांना कोडवरून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं, खिडकीपाशी, झेरॉक्स मशीनशेजारी. कोड उघडायची परवानगीही काढून घेतली. येणारेजाणारे आधी थट्टा करायचे, "काकू, आज काय विशेष?" काही दिवसांनी थट्टाही बंद झाली. मला विचाराल तर थट्टा बंद होणं जास्त वाईट होतं.

जुन्या यंत्रांचं काम एका नव्या गृहस्थाकडे गेलं. दुसऱ्या कंपनीत वर्षानुवर्षं काढून त्या सभेच्या थोडं आधीच आमच्याकडे आलेला, नीटनेटका, कामसू. त्यालाही आल्या आल्या आम्ही शिवीची खूण सांगितली होती. पण आता कोडमध्ये शिवीच नव्हती. सगळं स्वच्छ, सारवल्यासारखं. त्याला काम मिळालं होतं रिपोर्ट लवकर पोचवायचं. तो एकेक फाईल वाचत गेला आणि त्याला एक ओळ सापडली. प्रोग्राम यंत्राकडून आकडा घेत होता आणि काहीच न करता फेकून देत होता. मग दुसरा घेत होता. वर ना कॉमेंट, ना कारण. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं तेच त्याला वाटलं, कुणाच्या तरी हातून राहून गेलेली फालतू ओळ. त्याने ती काढली. माझ्याकडे चाचणीला आलं. आमच्याकडे चाचणीला नवं यंत्र होतं, त्याच्यावर सगळं चोख चाललं. जुनं यंत्र आता फक्त एकाच दवाखान्यात उरलं होतं.

त्या जुन्या यंत्राची खोड अशी होती. काही वेळ काम नसलं की ते झोपायचं. जागं झालं की आधी झोपण्यापूर्वीचा शेवटचा आकडा पुन्हा पाठवायचं, मग नव्या रक्ताचा. पहिला फेकला नाही तर मागच्या माणसाचा आकडा पुढच्या माणसाच्या नावावर पडणार. तेही सगळ्यांच्या नाही, यंत्र झोपून उठल्यावर जो पहिला येईल त्याच्याच. म्हणून कित्येक आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदोन डॉक्टरांना रिपोर्ट विचित्र वाटले, त्यांनी पुन्हा तपासून घेतले आणि पुढे गेले.

मग एका सकाळी एक बाई चक्कर येते म्हणून दवाखान्यात आली. मधुमेहाची पेशंट. रात्री जेवलीच नव्हती, साखर खाली गेलेली. प्रयोगशाळेत त्या दिवसातली ती पहिलीच. तिच्या नावावर आदल्या संध्याकाळच्या कुणा म्हाताऱ्याची साखर लागली, भलतीच वाढलेली. तिला इन्सुलिन दिलं. ती नंतर शुद्धीवर आली नाही.

चौकशी आमच्याच ऑफिसात झाली, त्याच मोठ्या खोलीत. बाहेरचे एक अधिकारी आले होते. तब्येतीने थकलेले, सारखे चष्मा पुसणारे. त्या बाईचा नवरा एका कोपऱ्यात बसला होता. तो शेवटपर्यंत हेच विचारत होता, "पण यंत्राला कळलं कसं नाही?" नवा गृहस्थ म्हणाला, त्या ओळीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. खरं होतं ते. मग आमच्यातल्या एकाने सांगितलं की कोडच्या सगळ्या जुन्या प्रती ठेवलेल्या असतात, बघता येईल. त्याने बघितलं. त्या ओळीवर कॉमेंट होती. काकूंची.

अधिकाऱ्यांनी काकूंना पुढे बोलावून म्हटलं, "वाचा."

काकूंनी वाचलं. त्यांचा तोच मऊ आवाज. "ए भडव्या, ही ओळ काढायची नाही. हे हरामखोर यंत्र झोपेतून उठलं की आधी मागच्या पेशंटचा आकडा ओकतं. तो फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. काढलीस तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि माणूस मरेल." यापुढे वाचणाऱ्याच्या आईबद्दल अर्धी ओळ होती. ती मी इथे लिहीत नाही. काकूंनी तीही वाचली, एक अक्षर न गाळता. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातला तो नवरा त्यांच्याकडे बघत राहिला.

"इतकी महत्त्वाची सूचना," अधिकारी म्हणाले, "आणि ही भाषा? का?"

"वाचली जावी म्हणून," काकू म्हणाल्या.

इस्त्रीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या हळू म्हणाल्या, "सभ्य भाषेत असती तर आज जागेवर असती." आणि साहेबांनी लगेच मान डोलावली. पहिल्यापासून हेच आपलं मत होतं अशी. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी किळस आली, की माझी बोटं नुसती शिवशिवत होती.

निकाल यायचा तोच आला. सुरक्षिततेची सूचना बेजबाबदार भाषेत लिहिल्याबद्दल काकूंना कमी केलं. शब्दांची यादी करणाऱ्यांना, ती चालवणाऱ्यांना, "हा विषय नको" म्हणणाऱ्यांना समज दिली. समज म्हणजे काय, त्यांनाच ठाऊक. नवा गृहस्थ स्वतःहून सोडून गेला. जाताना माझ्यापाशी थांबला. मग पिशवी खांद्याला लावून जिना उतरला.

माझ्या ओळखीच्या एका वकीलबाई म्हणाल्या, ही केस सरळ आहे, कॉमेंट लिहिली होती आणि ती दुसऱ्यांनी काढली, काकूंनी कंपनीविरुद्धच्या दाव्यावर नुसती सही करावी. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. दार काकांनी उघडलं. मला आत घेण्याआधी बाहेर येऊन, दार मागे ओढून, खालच्या आवाजात म्हणाले, "तू तिथे होतीस. हिने खरंच तसं लिहिलं होतं?"

"हो, काका."

त्यांनी मान हलवली. "इतकी वर्षं झाली लग्नाला. मला वाटायचं, हिला राग येतच नाही."

काकू पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बारीक झाल्या होत्या. मी कागद पुढे केला, वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद न वाचता माझ्याच हातात परत दिला.

"काकू, चूक त्यांची आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "अख्खं ऑफिस जाणतं. तुम्ही लिहिलं होतं, तुम्ही सांगायला गेला होतात. आणखी काय करायचं माणसाने?"

"त्यांची आहेच," काकू म्हणाल्या. "त्यांची नाही असं कुठे म्हणते मी?"

"मग सही करा."

त्यांनी काकांचा सदरा हातात घेतला, बाह्या मागे दुमडल्या, हाताने सरळ केला. मग म्हणाल्या, "तो नवा त्या दिवशी खोलीत होता गं. आपल्या पुढच्याच रांगेत. मला वाचून दाखवा म्हणाल्या तेव्हा."

मला आठवलं. होता तो.

"मी वाचलं असतं तर तो हसला असता. सगळेच हसले असते. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं त्याने, आमच्याकडे एक म्हातारी आहे, ती भर सभेत काय बोलली माहितीये? असलं कुणी विसरतं का? मग ती ओळ समोर आली असती तेव्हा त्याला आठवलंच असतं." त्या थांबल्या. "चार वाक्यं होती. मला पाठ होती. तोंडाशी आली होती."

"काकू, तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत होतं. लिहिलंच होतं ना मी, माणूस मरेल म्हणून. कुठे काय होईल ते अक्षरशः लिहिलेलं होतं. फक्त लोकांसमोर तोंडाने म्हणायचं होतं." त्यांनी सदरा बाजूच्या ढिगावर ठेवला. "मला लाज वाटली. माझी लाज राहिली आणि ती बाई गेली."

कागद मी पर्समध्ये परत ठेवला. काकूंनी पुढचा कपडा उचलला.